रेडिओवरचे जुने इंग्रजी क्रिकेट समालोचन : आपल्या कानांत कोणता आवाज राहिला आहे?

४ सप्टेंबर १९७९ रोजी ओव्हलवर सुनील गावसकर २२१ धावांवर बाद झाले, तेव्हा सांगलीतल्या आमच्या घरात पाच माणसे कॅरमबोर्डाभोवती बसली होती आणि त्यांतले कोणीही कॅरम खेळत नव्हते. बोर्डावर शर्टाची अकरा बटणे मांडलेली होती. फलंदाजांसाठी दोन काळ्या सोंगट्या होत्या. समालोचकाने क्षेत्ररक्षणातला बदल सांगितला की वडील त्याप्रमाणे एक बटण उचलून दुसरीकडे ठेवत. गणपतीचे दिवस होते, रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि गल्लीतल्या मंडपातला कर्णा मधूनच लघुलहरींवरचा आवाज बुडवून टाकत होता. ४३८ धावांचे लक्ष्य होते आणि भारत ८ बाद ४२९ वर थांबला. आजही तो सामना मला आठवतो तो बटणांचा सामना म्हणून. त्याची चित्रफीत मी खूप नंतर पाहिली आणि ती पाहताना मला काहीसे परके वाटले, कारण माझ्या मनातले ओव्हल त्याहून मोठे होते.

हा धागा काढण्याचे कारण असे की, त्या काळच्या इंग्रजी समालोचनाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा ‘काय ते इंग्रजी, काय तो आवाज’ एवढ्यावरच थांबते. मला वाटते, त्या मंडळींचे मोठेपण आवाजापेक्षा एका कर्तव्यभावनेत होते. ऐकणाऱ्याला दिसत नाही, ही गोष्ट ते क्षणभरही विसरत नसत. गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो आहे, वारा कोणीकडून वाहतो आहे, चेंडू कुठे टप्पा पडला, तो कुठे गेला, तो अडवायला कोण धावले आणि आता धावफलक काय सांगतो, एवढे सगळे ते एका चेंडूच्या अवधीत सांगत असत आणि तरीही घाई जाणवत नसे. बीबीसीचे ‘टेस्ट मॅच स्पेशल’ ३० मे १९५७ रोजी एजबॅस्टनच्या इंग्लंड–वेस्ट इंडीज कसोटीपासून सुरू झाले, आणि प्रत्येक चेंडू श्रोत्यापर्यंत पोहोचवायचा हा त्याचा पाया होता. त्याआधी बीबीसीवर सामन्याचे तुकडेच ऐकायला मिळत.

माझ्या कानांत राहिलेला आवाज जॉन अर्लट यांचा आहे. हॅम्पशायरच्या बेसिंगस्टोक गावचा हा माणूस साउदम्प्टनमध्ये पोलीस होता, कविता लिहीत होता, आणि पुढे बीबीसीच्या पूर्वेकडील सेवेत साहित्यविषयक कार्यक्रमांचा निर्माता झाला. १९४६ साली थोरल्या नवाब पतौडींच्या नेतृत्वाखाली आपला संघ इंग्लंडला गेला, तेव्हा भारतातल्या श्रोत्यांसाठी सामन्यांचे वर्णन हवे होते आणि ते काम अर्लट यांच्याकडे आले. त्यांच्या समालोचनाची सुरुवातच अशी आपल्यासाठी झाली, याचा मला फार आनंद वाटतो. विजय मर्चंट, विजय हजारे आणि विनू मांकड यांचा तो दौरा होता. त्याच दौऱ्यात सरेविरुद्ध ९ बाद २०५ अशी अवस्था असताना चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी या शेवटच्या जोडीने २४९ धावांची भागीदारी केली होती आणि दोघांनीही शतके केली होती.

अर्लट यांचे वर्णन कसे असे, त्याचा नमुना म्हणून १९४८ सालचा ब्रॅडमन यांचा शेवटचा डाव सांगावासा वाटतो. एरिक हॉलिस यांच्या दुसऱ्या चेंडूवर ब्रॅडमन शून्यावर त्रिफळाबाद झाले तेव्हा ध्वनिक्षेपक अर्लट यांच्यासमोर होता. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि मी ते कितीतरी वेळा ऐकले आहे. आधी ते घडलेली गोष्ट सांगतात : ब्रॅडमन, त्रिफळा हॉलिस, शून्य. टाळ्यांच्या गदारोळात कोणाला ऐकू आले नसेल म्हणून ती पुन्हा सांगतात. त्यानंतरच ते विचारतात की, ज्या मैदानावर आयुष्यातले काही मोठे डाव खेळले, जिथे प्रतिस्पर्धी संघाने नुकताच भोवती उभे राहून जयघोष केला, तिथल्या शेवटच्या कसोटीत माणसाला चेंडू नीट दिसत तरी असेल का? त्या डावात चार धावा झाल्या असत्या तर सरासरी शंभर झाली असती, ती ९९.९४ वर राहिली. हा हिशेब मात्र त्या क्षणी त्यांच्या बोलण्यात येत नाही. आधी वार्ता, मग माणूस, असा तो क्रम आहे.

आपल्या कानांत राहिलेला आवाज कोणता आणि तो का राहिला, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १ (गिरगाव, मुंबई)

लेख मनापासून आवडला. इंग्रजी समालोचन म्हणताना आपण लगेच लंडनला पोहोचतो, पण मुंबईचा स्वतःचा आवाज त्याहून काही मागे नव्हता. ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे सर्वांचे ‘बॉबी’, यांनी १९३४ साली मुंबईतल्या चौरंगी स्पर्धेपासून समालोचन केले. माझे आजोबा सांगत की, ते दिवसभर एकटेच बोलत असत. जोडीला दुसरा समालोचक नाही, तज्ज्ञ नाही, आणि तरी खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ओघ तुटत नसे. चौरंगी आणि नंतरच्या पंचरंगी सामन्यांच्या वेळी इराणी हॉटेलात एका चहावर किती वेळ बसू देतात, यावर आजोबांचा त्या दिवसाचा बेत ठरत असे. ज्यांच्यापाशी चहाचे पैसे नसत, ते बाहेर पदपथावर उभे राहून ऐकत आणि आतली माणसे त्यांना धावसंख्या बोटांनी दाखवीत.

पुढे आकाशवाणीने एकापेक्षा अधिक समालोचकांची पद्धत आणली, तेव्हा ध्वनिक्षेपक वाटून घेणे तल्यारखानांना मान्य झाले नाही आणि ते बाजूला झाले. माणूस हट्टी होता हे खरे, परंतु ज्याने दिवसभराचा सामना एकट्याने एखाद्या बंदिशीसारखा मांडला, त्याला वीस मिनिटांचे तुकडे कसे रुचावेत, हेही मला कळते.

त्यांच्यानंतरच्या पिढीतले अनंत सेटलवाड आणि सुरेश सरैया हे माझ्या स्वतःच्या ऐकण्यातले. सेटलवाड शब्द मोजून वापरत आणि त्यांचा स्वर सहसा चढत नसे. सरैया यांचा जीव सामन्यात गुंतलेला असे आणि तो आवाजात उतरत असे. आमच्या चाळीत या दोघांवरून दोन तट होते. मी सेटलवाडांच्या बाजूचा होतो आणि अजूनही आहे.

प्रतिसाद २ (पुणे)

धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आपण ज्याला जुन्या समालोचनाचे मोठेपण म्हणतो, त्यातला किती भाग समालोचकाचा आणि किती आपल्या बालपणाचा, हे वेगळे काढून पाहिले पाहिजे. खरखरणाऱ्या रेडिओतून जे अर्धवट ऐकू येत असे ते आपणच पूर्ण करीत होतो, आणि मनाने पूर्ण केलेले चित्र नेहमीच सुंदर असते. आज चेंडू किती वळला, यष्टीवर आदळला असता की नाही, हे पडद्यावर दिसते. त्या काळी समालोचकाचा शब्द हाच पुरावा होता आणि तोही शंभर यार्डांवरून पाहिलेल्या गोष्टीचा.

दुसरे म्हणजे, त्या समालोचनकक्षात कोणाला प्रवेश होता याचाही विचार व्हावा. एका विशिष्ट वर्गाचे उच्चार म्हणजेच शुद्ध इंग्रजी, असे मानण्याचा तो काळ होता. खुद्द अर्लट यांना त्यांच्या वरिष्ठांनी सुनावले होते की, तुमचा आवाज ग्राम्य आहे, पण विचार करणारे डोके त्याची भरपाई करते. आपल्याला जो आवाज आज अस्सल इंग्लंडचा वाटतो, तो तिथल्या कार्यालयाला खटकला होता. आपल्या खेळाडूंच्या नावांचे जे उच्चार त्या काळी ऐकायला मिळत, त्यांविषयी मी लिहीत नाही, ते ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत.

हे सगळे लिहूनही एक गोष्ट मान्य करतो. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्लाइव्ह लॉइड यांनी १०२ धावा केल्या, तेव्हा त्यांच्या एका फटक्याविषयी अर्लट म्हणाले होते की, वाटेने जाणाऱ्या माणसाने हातातल्या काठीने काटेरी रोपाचे बोंड सहज उडवावे, तसा तो फटका होता. ही उपमा मी आयुष्यात विसरणार नाही. लॉइड यांची ताकद सगळ्यांनाच दिसत होती, पण त्यांचा निवांतपणा या माणसाला दिसला.

प्रतिसाद ३ (लंडन)

पुण्याच्या सदस्यांनी वर्गाचा मुद्दा काढला आहे तो अगदी योग्य आहे, परंतु अर्लट यांच्याविषयी बोलताना त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. केपटाउनच्या बेसिल डॉलिव्हेरा यांना त्यांच्या वर्णामुळे स्वतःच्या देशाकडून खेळता येत नव्हते. त्यांनी अर्लट यांना पत्रे लिहिली आणि अर्लट यांच्या खटपटीमुळे १९६० साली त्यांना लँकेशायरमधल्या मिडलटन क्लबकडून खेळण्याची संधी मिळाली. पुढे ते इंग्लंडकडून कसोटी खेळले. १९७० साली दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा होता, तेव्हा त्या सामन्यांचे समालोचन आपण करणार नाही, असे अर्लट यांनी जाहीर केले. अखेरीस तो दौराच रद्द झाला. या माणसाच्या आवाजातला भारदस्तपणा केवळ स्वरयंत्रातून येत नव्हता.

त्यांच्या निरोपाचा प्रसंग येथील जुने लोक आजही सांगतात. १९८० साली लॉर्ड्सवर शताब्दी कसोटी झाली, ती त्यांची शेवटची. शेवटची पाळी संपली तेव्हा त्यांनी भाषण केले नाही. षटक संपले, धावसंख्या सांगितली आणि ट्रेव्हर बेली यांच्यानंतर ख्रिस्तोफर मार्टिन-जेन्किन्स बोलतील, एवढे सांगून ते उठले. नंतर मैदानावरच्या ध्वनिवर्धकावरून घोषणा झाली की, जॉन अर्लट यांनी आपली शेवटची पाळी पूर्ण केली आहे. प्रेक्षक उभे राहिले, खेळाडूंनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या आणि फलंदाजी करीत असलेल्या बॉयकॉट यांनी हातमोजा काढून टाळ्या वाजवल्या. खेळाडूंनी मैदानातून समालोचनकक्षाकडे पाहून टाळ्या वाजवाव्यात, असे सहसा घडत नाही.

ब्रायन जॉन्स्टन हे अगदी वेगळ्या घडणीचे. ईटन, ऑक्सफर्ड, महायुद्धातला मिलिटरी क्रॉस, आणि स्वभाव मात्र शाळकरी मुलाचा. १९७० मध्ये दूरचित्रवाणीवरून त्यांना वगळण्यात आले आणि रेडिओचे भाग्य उजळले. श्रोते त्यांना चॉकलेट केक पाठवीत आणि ते समालोचन चालू असतानाच पाठवणाऱ्यांचे आभार मानीत. पाऊस पडला की खेळ थांबे, पण समालोचनकक्षातल्या गप्पा थांबत नसत, आणि कित्येक श्रोत्यांना पावसाचे तास अधिक आवडत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इयान बॉथम यांचा तोल गेला, यष्टी ओलांडून जाण्याचा प्रयत्न फसला आणि ते स्वयंचित (हिट विकेट) झाले. दिवसाचा आढावा घेताना सहसमालोचक जोनाथन ॲग्न्यू यांनी त्यावर जे द्व्यर्थी वाक्य उच्चारले, त्याने जॉन्स्टन यांना हसू आवरेना. ते धावफलक वाचायचा प्रयत्न करतात, आवाज चिरकतो, शब्द फुटत नाहीत, ‘पुरे कर’ अशी विनवणी करतात आणि पुन्हा हसतात. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस इतके निर्मळ हसू शकतो, हे त्या दीड मिनिटात ऐकावे. १९९४ च्या जानेवारीत ते गेले.

येथे अजूनही अनेक घरांत दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून रेडिओ लावतात. आमच्याकडेही तसेच आहे. आता ॲलिसन मिचेल आणि ईशा गुहा यांच्यासारखे आवाजही त्या परंपरेत मिसळले आहेत.

प्रतिसाद ४ (नाशिक)

ज्यांनी पहाटे पाच वाजता उठून रेडिओ ऑस्ट्रेलिया लावला आहे, त्यांच्यासाठी लिहितो. १९७७–७८ चा बेदींच्या संघाचा दौरा मी असा ऐकला. ॲडलेडच्या शेवटच्या कसोटीत ४९३ धावांचा पाठलाग करताना आपण ४४५ पर्यंत पोहोचलो, आणि त्या सकाळी आईने दुधाचे भांडे गॅसवर ठेवून ते उतू जाऊ दिले. ती स्वतः रेडिओपाशी उभी होती.

तिकडचे मोठे नाव म्हणजे ॲलन मॅकगिल्व्हरे. त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि तिथून थेट प्रक्षेपणाचा भरवसा नव्हता. तेव्हा प्रत्येक षटकाची सांकेतिक तार सिडनीला येई, तिचा अर्थ लावला जाई आणि मॅकगिल्व्हरे व त्यांचे सहकारी स्टुडिओत बसून जणू मैदानावरच आहोत अशा रीतीने वर्णन करीत. बॅटचा आवाज हवा म्हणून लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिल आपटत, आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी तबकडी लावत. यात फसवणूक नव्हती, श्रोत्यांना ते माहीत होते. तरीही लोक रात्र-रात्र जागून ऐकत. पुण्याच्या सदस्यांनी ‘मनाने पूर्ण केलेले चित्र’ असे म्हटले आहे, त्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. येथे तर समालोचकालाही काही दिसत नव्हते.

याच मॅकगिल्व्हरे यांच्या वाट्याला एक मोठी हळहळ आली. १४ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया–वेस्ट इंडीज कसोटी शेवटच्या दिवशी रंगात आली असताना, कीथ मिलर यांच्यासह ते विमान गाठण्यासाठी मैदानातून निघाले. जो सॉलोमन यांच्या फेकीने सामना बरोबरीत सुटला. कसोटीच्या इतिहासातली ती पहिली बरोबरी, आणि ती त्यांना सिडनीला उतरल्यावर समजली. आयुष्यभर ते याविषयी खंत करीत राहिले.

प्रतिसाद ५ (ठाणे)

सगळी चर्चा रेडिओची चालली आहे, म्हणून रिची बेनॉ यांचे नाव मुद्दाम घेतो. दूरचित्रवाणीवर श्रोत्याला सगळे दिसत असते, त्यामुळे तिथले कर्तव्य उलटे आहे, आणि ते बेनॉ यांच्याइतके कोणालाच कळले नाही. चित्रात भर घालता येत असेल तरच बोलावे, हा त्यांचा नियम होता. ६३ कसोटींत २४८ बळी घेतलेला माणूस बारीक काडीभरही बढाई न मारता गप्प बसू शकत असे. १९८१ साली हेडिंग्लेवर बॉथम यांचा एक षटकार गेला, तेव्हा ते म्हणाले की, तो चेंडू शोधायच्या भानगडीतही पडू नका, तो थेट मिठाईच्या दुकानात शिरला आणि बाहेरही पडला. २००५ साली ओव्हलवर इंग्लंडमधल्या शेवटच्या समालोचनात ते प्रेक्षकांचा निरोप घेत होते, तेवढ्यात मॅकग्रा यांनी पीटरसन यांचा त्रिफळा उडवला. बेनॉ यांनी स्वतःचा निरोप मध्येच थांबवला, बळी सांगितला, फलंदाजाचे कौतुक केले आणि मग निरोप पूर्ण केला.

प्रतिसाद ६ (सातारा)

विषय इंग्रजी समालोचनाचा आहे याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहितो. बाळ ज. पंडित यांनी मराठीत समालोचन रुजवले आणि वि. वि. करमरकरांनी ते आणखी पुढे नेले. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हते. पंडितांच्या मराठीमुळे त्यांना पहिल्यांदा ‘गली’ म्हणजे नेमके कुठे हे कळले. त्यानंतर मात्र ते इंग्रजी समालोचनही ऐकू लागले, कारण आता शब्द परके राहिले नव्हते.

प्रतिसाद ७ (कोल्हापूर)

मी या संकेतस्थळावर फारसे लिहीत नाही, पण मूळ लेखातले एक वाक्य वाचून राहवले नाही. ‘ऐकणाऱ्याला दिसत नाही, ही गोष्ट ते क्षणभरही विसरत नसत.’ माझ्या थोरल्या भावाची दृष्टी काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी आपण जिंकलो, तो दिवस नेमका गणेश चतुर्थीचा होता. आम्ही दोघांनी तो सामना एकाच रेडिओवर ऐकला होता. मैदानात बेला नावाची हत्तीण आणली होती, हे कळल्यावर दादाने आनंदाने आमच्या मातीच्या गणपतीपुढे दुसऱ्यांदा आरती केली होती.

आज आमच्या घरी मोठा दूरचित्रवाणी संच आहे आणि दादाला त्याचा काही उपयोग नाही. तिथले माजी खेळाडू हुशार आहेत, त्यांचे विश्लेषण अचूक असते, पण चेंडू कुठे गेला हे ते सांगत नाहीत, कारण ते सांगायची गरजच उरलेली नाही. ‘अप्रतिम फटका’ असे ऐकू येते आणि दादा माझ्याकडे मान वळवतो. मग मी सांगतो. सुरुवातीला मला ते जमत नसे. मी ‘अरे काय मारला’ असे म्हणून जाई. दादा म्हणाला, “आधी कुठे गेला ते सांग, कसा गेला ते मग.” आता मला थोडे जमू लागले आहे. गोलंदाज धावायला लागला की मी बोलायला सुरुवात करतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पुण्याच्या सदस्यांचा आक्षेप मला अंशतः पटला आहे. बालपणाचा वाटा नक्कीच आहे, आणि तो किती हे मला सांगता येणार नाही. मात्र कोल्हापूरच्या सदस्यांचा प्रतिसाद वाचल्यावर हेही वाटते की, त्या समालोचनाची गरज बालपणाबरोबर संपलेली नाही.

कोल्हापूरकर, माझ्याकडे ब्रॅडमन यांच्या शेवटच्या डावाचे, अर्लट यांच्या शेवटच्या पाळीचे आणि जॉन्स्टन यांच्या त्या हसण्याचे ध्वनिमुद्रण आहे. आपण व्यक्तिगत निरोपातून संपर्क केलात तर मी ते आपल्या दादांसाठी पाठवतो. आणखी एक सुचवतो, मोठ्या भावाला सांगावे तसे. कॅरमबोर्डावर बटणे मांडून पाहा. बटणे वेगवेगळ्या आकारांची घ्या, यष्टीरक्षकासाठी कोटाचे मोठे बटण ठेवा आणि ती जागची हलू नयेत म्हणून खाली थोडे मेण लावा. दादांना बोटांनी क्षेत्ररक्षण पाहता येईल.